लंडनमधल्या वाती

आज लंडनहून चुलतभावाचा व्हिडिओ कॉल, पठ्ठ्याने मेकॅनिकल मॉड, म्हणजे नळीसारखी ई-सिगारेट घेतलीय आणि तिच्या कॉइलसाठी स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर कांथालची, म्हणजे तापणारी तार गुंडाळत बसलेला, मग कॉइलमधून कापूस ओवायला लागला तर आई मागून, काय रे, हा तिकडे वाती वळतोय का? 😂

मी मात्र आकडेमोडीत अडकलो, त्या नळीत सर्किट वगैरे काही नाही हो, बॅटरी थेट कॉइलला. फुल चार्ज ४.२ व्होल्ट, साहेबांची कॉइल ०.१५ ओहम, म्हणजे २८ अँपिअर, आणि सेलला झेपणार २० अँपिअरच! ओरडलोच. मग त्याने जास्त वेढ्यांची नवी केली, मीटरवर ०.४ आली, तेव्हा जीवात जीव.

इथे भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीलाच बंदी, त्यामुळे दादरमध्ये मी नुसता बघ्या. कापूस लिक्विडमध्ये नीट भिजायच्या आधीच त्याने बटण दाबलं, असला ठसका लागला, आई म्हणे पाणी पी आधी.