पाचव्या महिन्यात कांजण्या

शिमग्याच्या आधी जाऊबाईंच्या लेकराला कांजण्या निघाल्या आणि पुढे दोनेक आठवड्यांनी माझ्या पाठीवर फोड उठले. लहानपणी मला त्या आल्याच नव्हत्या. पाचवा महिना लागत होता. आत्यांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला. आई म्हणजे देवी अंगावर आलीय, औषध घेऊ नको म्हणाल्या. डहाळा तसाच राहू दिला आणि त्याच दुपारी ह्यांच्याबरोबर लातूरचा दवाखाना गाठला.

निघताना फोन करून कांजण्या असल्याचं सांगितलं होतं. बाहेर बाकावर बाकीच्या गरोदर बाया बसलेल्या असतात, म्हणून मला मागच्या दारानं आत घेतलं. डॉक्टर मॅडमनी बाळाच्या आधी माझी छाती तपासली. गरोदरपणी हा विषाणू फुफ्फुसात उतरला तर आईच्याच जिवावर बेततं. दम लागला तर मध्यरात्री असली तरी या, असं बजावून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं. फोड आल्यापासून 24 तासांच्या आत ते सुरू झालेलं चांगलं.

घरी वेगळंच चाललं होतं. लेकरू अधू निघेल, आत्ताच मोकळी हो, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगे. ते ऐकून जेवण जात नव्हतं. पुढच्या वेळी मी आत्यांनाच सोबत नेलं. मॅडमनी त्यांना कागदावर वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारी प्लॅसेंटा, काढून दाखवली. आईचं रक्त बाळाच्या रक्तात मिसळत नाही, मधे वारेचा पडदा असतो. विषाणू कधीकधी तो ओलांडतो, पण पहिल्या 20 आठवड्यांत कांजण्या झालेल्या 100 जणींमधल्या फार तर एक-दोघींच्या बाळात दोष राहतो: कातडीवर व्रण, आखूड हात किंवा पाय, डोळ्याला किंवा मेंदूला इजा. "एवढ्यावरून गर्भ पाडायचा नसतो, आजी," त्या म्हणाल्या. आत्यांनी त्यानंतर तो विषय घरात कुणाला काढू दिला नाही.

सोनोग्राफी आजच करा, असा मी हट्ट धरला. पण वार ओलांडून विषाणूनं काही बिघडवलंच, तर ते चित्रात दिसायला आठवडे जातात. लगेच केलेल्या तपासणीत सगळं ठीक दिसतं आणि ते खोटा धीर देतं. म्हणून निदान पाच आठवडे थांबायचं. औषधापेक्षा हे थांबणंच जड गेलं. सोनोग्राफीच्या दिवशी डोकं, डोळे, हातापायांचं एकेक हाड मोजलं, यकृतात-आतड्यात पांढरे ठिपके आहेत का पाहिलं, गर्भजल पाहिलं. सगळं नीट होतं. मुलगी झाल्यावर तिचे डोळेही तपासून घेतले, तेही चांगले निघाले.

गल्लीत तेव्हा एक बाई नऊ महिन्यांची गरोदर होती. फोडांवर खपली धरेपर्यंत मी तिच्या दारावरूनही गेले नाही. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला फोड आले, तर विषाणू बाळाला गाठतो; पण विषाणूशी लढणारी आईची प्रतिपिंडं वारेतून पोचायला वेळच मिळत नाही, म्हणून ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आता धाकट्या नणंदेचं लग्न ठरलंय. तिलाही कांजण्या आलेल्या नाहीत. कांजण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, म्हणून आधीच दोन्ही डोस घ्यायचे आणि दुसऱ्यानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, असं तिला सांगून ठेवलंय.