शिडीचं गणित: घर्षण आधीच ठरवून टाकू नका

स्थिर संतुलनाच्या गणितांत भिंतीला टेकवलेली शिडी हमखास येते. या धड्यात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच गणितात सापडतात. म्हणून घाईघाईने दहा गणितं उरकण्यापेक्षा ही एक शिडी मुळापासून सोडवावी, असं माझं ठाम मत आहे.

शिडी ५ मीटर लांब, २० किलो वजनाची, सगळीकडे सारखी. पाय भिंतीपासून ३ मीटरवर, वरचं टोक ४ मीटर उंचीवर. भिंत गुळगुळीत, म्हणजे तिथे घर्षण नाही; फरशी खडबडीत, स्थितिक घर्षण गुणांक (जास्तीत जास्त घर्षण आणि फरशीचा लंब रेटा यांचं गुणोत्तर) ०.५. गुरुत्वत्वरण १० धरू.

आधी फ्री बॉडी डायग्राम. त्यात एकटी शिडी काढायची आणि फक्त तिच्यावर लागणारी बलं दाखवायची. शिडी भिंतीला ढकलते ते बल इथे येत नाही, ते भिंतीवर लागतं. बलं चारच: मध्यावर खाली २०० न्यूटन वजन, वरच्या टोकाला भिंतीचं आडवं अभिलंब (पृष्ठभागाला काटकोनात लागणारं) बल, पायाशी फरशीचं वर जाणारं अभिलंब बल आणि घर्षण. शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो, म्हणून घर्षण भिंतीच्या दिशेने.

उभ्या दिशेत फरशीचं अभिलंब बल २०० न्यूटन. आडव्या दिशेत घर्षण आणि भिंतीचं बल सारखं, पण किती ते अजून कळलेलं नाही. अनेकांचं गणित इथेच बिघडतं: ०.५ × २०० करून घर्षण १०० न्यूटन लिहिलं जातं. १०० ही कमाल मर्यादा आहे. शिडी घसरण्याच्या बेतात नसेल, तर घर्षण गरजेपुरतंच लागतं आणि ती गरज टॉर्कच्या (बल × लंब अंतर, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम) समीकरणातून कळते.

टॉर्क शिडीच्या पायाभोवती घ्या. फरशीची दोन्ही अज्ञात बलं त्याच बिंदूतून जातात, त्यामुळे ती गळतात. उरतं ते इतकंच: भिंतीचं बल × ४ = २०० × १.५. म्हणजे भिंतीचं बल ७५ न्यूटन आणि घर्षणही ७५. वजनाचं अंतर २.५ मीटर घेऊ नका. ते शिडीवरून मोजलेलं अंतर झालं. आपल्याला बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर हवं. पडताळा वरच्या टोकाभोवती: २०० × ३ मधून २०० × १.५ आणि ७५ × ४ वजा केले की शून्य. घर्षण १०० धरलं असतं तर हा हिशेब जुळला नसता.

आता ६० किलोचा माणूस चढू लागतो. फरशीचं अभिलंब बल ८०० न्यूटन, घर्षणाची मर्यादा ४००. तो पायापासून आडवं 'क्ष' मीटर आत असेल, तर लागणारं घर्षण (३०० + ६०० क्ष) ÷ ४. हे ४०० झालं की क्ष सुमारे २.१७ मीटर, म्हणजे शिडीवरून साधारण ३.६ मीटर. त्यापुढे चढला की शिडी घसरेल. तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस अगदी पायथ्याशी शिडीवर उभा राहिला, तर त्याचा टॉर्क जवळजवळ शून्य, पण अभिलंब बल १४०० होतं आणि मर्यादा ७००. पहिला थेट टोकाला पोचला तरी गरज ५२५ न्यूटनचीच. पायथ्याशी माणूस उभा करण्यामागचं कारण हेच.

साइन-कॉसचा गोंधळ होत असेल तर टोकाची स्थिती तपासा. एकट्या शिडीसाठी भिंतीचं बल वजनाच्या निम्मे गुणिले फरशीशी होणाऱ्या कोनाचा कॉट. शिडी सरळ उभी केली की हे शून्य होतं, आणि तसंच व्हायला हवं. चुकून टॅन आला असेल तर तिथे उत्तर अनंताकडे जाईल आणि चूक लगेच दिसेल.

भिंतही खडबडीत असेल तर तिथलं घर्षण धरून चार अज्ञात बलं होतात, समीकरणं मात्र तीनच. शिडी दोन्ही टोकांना घसरण्याच्या बेतात आहे असं दिलेलं असेल, तरच दोन्हीकडे घर्षण मर्यादेइतकं धरून उत्तर काढता येतं. नाहीतर शिडी ताठ, म्हणजे अजिबात न वाकणारी, मानून हे गणित सुटत नाही. पुस्तकात भिंत बहुधा गुळगुळीत असते ती यामुळेच.