मोर्चाचा अर्ज आणि पोच

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात मोर्चांची रांग लागते. गाडी अडते ती बहुतेक वेळा कागदावर. अर्ज दोन प्रतींत द्या: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, संयोजकांचे नंबर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलू नका. ‘होऊन जाईल, या तुम्ही’ ही परवानगी नव्हे. नकार आला तर कारण लेखी मागा. जमावबंदी सांगितली तर आदेशाची प्रत मागा; महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३)चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही.

बॅरिकेडपाशी पुढचे थांबतात, मागचा रेटा थांबत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, ते याच शहरात. म्हणून भोंगेवाले स्वयंसेवक शेपटाकडेही हवेत. पुढे तर सगळेच जातात, फोटो तिथेच निघतात ना!

अटक झाली तर कारण विचारा, अटकेच्या पंचनाम्यावर नातेवाइकाची सही घ्या. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं बंधनकारक आहे. लाठी लागली असेल तर वैद्यकीय तपासणीत ‘किरकोळ मार’ एवढ्यावर भागवू देऊ नका. प्रत्येक वळाची जागा, लांबी, रंग लिहून घ्या आणि अहवालाची प्रत मागा. ती मिळणं तुमचा हक्क आहे.