तुम्ही विचारलंत म्हणून : यशवंतराव कोणाचे, रशियाचे की अमेरिकेचे?

दरवर्षी १२ मार्चच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीच्या सुमारास मला दोन-तीन ठिकाणांहून व्याख्यानाचे बोलावणे येते. मी नाशिकमध्ये आयुष्यभर इतिहास शिकवला आणि माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, एवढ्या दोन पात्रतांवर लोक मला संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री यशवंतरावांविषयी बोलायला उभे करतात. व्याख्यान संपते, शाल-श्रीफळ होते, चहा येतो, आणि कपबशी सावरत कोणीतरी हटकून जवळ येतो : "सर, ते सगळं ठीक आहे, पण साहेब नक्की कोणाचे होते? रशियाचे की अमेरिकेचे?" विचारणारा डाव्या चळवळीत वाढलेला असला की त्याला एक उत्तर हवे असते, ज्याची मुले कॅलिफोर्नियात आहेत त्याला दुसरे. चहा निवेपर्यंत या प्रश्नाचा नीट निकाल लागत नाही, म्हणून यंदा लिहूनच काढतो आहे.

'कोणाचेच नाहीत, ते अलिप्ततावादी होते' या उत्तराला दहावीच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळतील, पण त्यातून काही कळणार नाही. अलिप्तता हा शब्द त्या काळात दिल्लीतले सगळेच वापरत, आणि प्रत्येकाच्या मनातला अर्थ निराळा असे. विरोधकांना तर तो पोरांचा तळ्यात-मळ्यातचा खेळ वाटे. नेहरूंची अलिप्तता जगाचा इतिहास वाचून आलेली होती. ७ सप्टेंबर १९४६ च्या नभोवाणीवरील भाषणात गटागटांच्या सत्ताकारणापासून शक्यतो दूर राहण्याचे धोरण त्यांनी मांडले, तेव्हा दोन महायुद्धे त्यांच्या डोळ्यांपुढे होती. यशवंतरावांची अलिप्तता, माझ्या समजुतीप्रमाणे, गरजू पण सावध गिऱ्हाइकाची होती. एकाच दुकानात खाते ठेवले की आधी दुकानदार भाव ठरवतो आणि पुढे तुमच्या घरात काय शिजायचे तेही ठरवू लागतो, हे देवराष्ट्र्यासारख्या गावात गरिबीत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

या सावधपणाला वैचारिक मूळही होते. १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि तुरुंगात समाजवाद, मार्क्सवाद यांची ओळख झाली. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आपल्याला आकर्षण होते, हे 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. रॉय म्हणजे लेनिनशी बरोबरीच्या नात्याने वाद घातलेला आणि पुढे १९२९ मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेतून काढून टाकलेला माणूस. त्यामुळे त्यांच्या मार्गाने मार्क्सपर्यंत गेलेल्यांना रशियन क्रांतीविषयी ओढ असली, तरी मॉस्कोच्या हुकमाविषयी अढीही असे. मग महायुद्ध आले. फॅसिझम हा मोठा शत्रू असल्यामुळे या युद्धात ब्रिटिशांना साथ द्यावी असे रॉय म्हणू लागले, आणि यशवंतराव तिथे त्यांच्याबरोबर गेले नाहीत. त्याच काळात कम्युनिस्टांचे 'साम्राज्यशाही युद्ध', जर्मनीने जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर, 'लोकयुद्ध' झाले. दुसऱ्या देशाचे हित आपले मानले की आपली भूमिका रातोरात कशी फिरवावी लागते, हे सातारा जिल्ह्यात बेचाळीसच्या चळवळीसाठी भूमिगत झालेल्या या तिशीच्या आतल्या तरुणाने फार जवळून पाहिले. पुढच्या आयुष्यात कोणत्याही महासत्तेच्या प्रेमात न पडण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा अंदाज आहे.

आता १९६२, चीनशी झालेल्या युद्धाचे वर्ष. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेते, पण सह्याद्री दिल्लीत पोहोचला तेव्हा हिमालयात काय उरले होते ते टाळ्यांत ऐकू येत नाही. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना दोन पत्रे पाठवून लढाऊ विमानांच्या बारा आणि बॉम्बफेकी विमानांच्या दोन तुकड्या मागितल्या होत्या. ज्या माणसाने पंधरा वर्षे कोणाच्या गोटात जाणार नाही म्हणून सांगितले, त्याच्यावर ही पाळी आली. अडला हरी, दुसरे काय. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी आली. म्हणजे लढाई करायची नव्हती. लढाई का हरलो ते शोधायचे होते आणि पुढच्या लढाईची तजवीज करायची होती.

त्या तजविजीसाठी त्यांच्यापुढे दोन दुकाने होती, आणि दोन्ही दुकानदारांचे वागणे ताजे होते. रशियाने काय केले? क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच ऐन रंगात असताना चीनला दुखवायला नको म्हणून 'प्रावदा' या रशियन पक्षाच्या मुखपत्राने ऑक्टोबरच्या अखेरीस चिनी प्रस्तावांची बाजू उचलून धरली, आणि आपला मित्र म्हणवणारा देश ऐन वेळी तोंड फिरवून बसला. अमेरिका आणि ब्रिटन धावून आले हे खरे. डिसेंबरात नॅसाऊ येथे केनेडी आणि ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांनी १२ कोटी डॉलरची तातडीची मदत ठरवली. परंतु त्या आधीच अमेरिकेचे दूत हॅरिमन आणि ब्रिटिश मंत्री डंकन सँडिस दिल्लीत येऊन काश्मीरचा विषय काढून गेले होते, आणि आपले स्वर्णसिंग व पाकिस्तानचे भुट्टो यांच्यात मे १९६३ पर्यंत बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या, त्या अमेरिका आणि ब्रिटन यांच्या आग्रहामुळेच. आपण बंदुका मागायला गेलो होतो आणि बिलात काश्मीर लावलेले निघाले.

१९६४ हे वर्ष मी व्याख्यानात नेहमी सविस्तर सांगतो, कारण 'कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते त्या एका वर्षातल्या तीन दौऱ्यांत आहे. मे महिन्यात ते अमेरिकेला गेले. पाकिस्तानला मिळालेले एफ-१०४ हे स्वनातीत विमान आपल्यालाही हवे होते. अमेरिकेने कर्ज देऊ केले, मदत देऊ केली, विमान दिले नाही. नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. ऑगस्टच्या शेवटी ते रशियाला गेले आणि सप्टेंबरात मिग-२१ भारतात बनवण्याचा करार पक्का करून परतले. या विमानाची बोलणी आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळातच सुरू झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय यशवंतरावांना देणे बरोबर नाही, पण कागदावरचा करार कारखान्यापर्यंत नेला तो त्यांनी. नोव्हेंबरात लंडन. तिथे पाणबुड्यांचे जमले नाही, लिअँडर जातीच्या युद्धनौका माझगाव गोदीत बांधण्यासाठी कर्ज मात्र मिळाले. त्यांतली पहिली 'नीलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली. पाणबुड्या मग रशियाकडून घेतल्या आणि पहिली 'कलवरी' डिसेंबर १९६७ मध्ये दाखल झाली. विमान रशियाचे, युद्धनौका इंग्रजांची, चेन्नईजवळच्या अवाडी कारखान्यातला रणगाडा विजयंत तोही इंग्रजी आराखड्याचा. ही यादी कोणत्याही गटात बसत नाही. तिच्यात एकच सूत्र दिसते : जो वस्तू देईल त्याच्याकडून वस्तू घ्यावी, पण शक्यतो वस्तूबरोबर ती बनवण्याचा कारखानाही मागावा.

त्या कारखान्यांपैकी एक आमच्या दाराशी आला. मिगची चौकट ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी झाली. यशवंतराव १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते, आणि कारखाना नेमका त्यांच्या मतदारसंघात कसा आला, यावर आमच्याकडच्या पारांवर अजूनही दोन तट पडतात. गावाचे नावच बदलले; एस. टी.चा कंडक्टर आजही 'ओझर मिग' अशी हाक देतो.

वडील तिथे लागले तेव्हा मी शाळेत जात नव्हतो. माझ्या लहानपणीची आठवण म्हणजे टाऊनशिपमध्ये राहणाऱ्या रशियन तंत्रज्ञांच्या बायका बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायला येत आणि भाजीवाल्या मावशी बोटे मोजून त्यांना भाव सांगत. वांगे हातात धरून दोन्हीकडून मान हलवण्याचा तो व्यवहार बराच वेळ चाले, आणि शेवटी मावशी वरून कोथिंबिरीची काडी टाकत. वडिलांनी ड्रॉइंगवरचे शब्द वाचता यावेत म्हणून रशियन अक्षरे गिरवली होती. शंभर पानी वहीत डावीकडे रशियन शब्द, उजवीकडे मराठीत उच्चार आणि खाली अर्थ. एकदा त्या लिपीत त्यांनी माझे नाव माझ्या पाटीवर लिहून दिले होते, आणि ते पुसावे लागू नये म्हणून मी दोन दिवस गृहपाठ केला नव्हता.

पण याच वडिलांकडून मी त्या कराराची दुसरी बाजूही ऐकली. ते म्हणत, "भोक किती मिलिमीटरचं पाडायचं ते ड्रॉइंगमध्ये असतं. तेवढंच का पाडायचं, ते कुठंच लिहिलेलं नसतं." रशियनांना विचारले तर ते हसत आणि पुन्हा ड्रॉइंगवर बोट ठेवत. ओझरला सहाशेहून अधिक मिग-२१ बनली. हजारो हातांना विमान जोडता येऊ लागले. नवे विमान कागदावर आखण्याची विद्या मात्र त्या पेटाऱ्यांतून आली नाही. यशवंतरावांनी कारखाना मागितला हे शहाणपणाचेच होते, पण कारखाना मिळाला म्हणजे परावलंबन संपले, असे जे भाषणांत सांगितले जाते, ते वडिलांनी कधी मान्य केले नसते.

१९६५ च्या लढाईची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून एवढेच सांगतो की तिने दोन दुकानांचा हिशोब पुरता बदलला. अमेरिकेने कम्युनिझमविरुद्ध वापरायला म्हणून पाकिस्तानला दिलेले पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने आपल्यावर आली, आणि लढाई सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. तह ताश्कंदला झाला, रशियाचे पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने; यशवंतराव शास्त्रीजींबरोबर तिथे होते. यानंतर भारत रशियाकडे झुकला असे म्हणतात, ते खरे आहे. मात्र १९६८ मध्ये त्याच रशियाने पाकिस्तानलाही शस्त्रे द्यायचे ठरवले, हे सांगायला लोक विसरतात. तरीही १९७१ च्या ऑगस्टमधील मैत्री करारापर्यंत आपले बहुतेक खाते एकाच दुकानात गेले होते, आणि ज्याने तीन दुकाने फिरून खरेदी केली होती तो मंत्री तोवर गृह आणि मग अर्थ खात्यात होता.

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हाची त्यांची कामे मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटतात. त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर दिल्लीत आले आणि दोघांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या; १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात आलेल्या अमेरिकेच्या सातव्या आरमाराला तीन वर्षेही झाली नव्हती. फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानवरील शस्त्रबंदी उठवली, तेव्हा यशवंतरावांनी ठरलेला वॉशिंग्टनचा दौरा पुढे ढकलला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो केलाही. राग दाखवायचा, पण दार आपटायचे नाही. एप्रिल १९७६ मध्ये त्यांनी लोकसभेत जाहीर केले की के. आर. नारायणन यांना पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, राजदूत म्हणून पाठवले जात आहे. १९६१ पासून तिथे आपला राजदूत नव्हता. चीनकडून झालेल्या पराभवामुळे ज्याला मुंबईहून दिल्लीला जावे लागले, त्यानेच चीनशी पुन्हा राजदूत पातळीवर संबंध जोडल्याचे सांगावे, यातली गंमत त्यांच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले.

यावर एका श्रोत्याने मला एकदा भर सभेत टोकले होते, की हे सगळे निर्णय इंदिरा गांधींचे होते आणि यशवंतराव फक्त वाचून दाखवत होते. त्यात तथ्य आहे. परराष्ट्र धोरण तेव्हा पंतप्रधानांच्या घरून चालत असे, आणि आणीबाणीत तर मंत्र्यांचे बोलणे आणखी कमी झाले. जगाच्या राजधान्यांमध्ये भारतातील लोकशाहीविषयी प्रश्न विचारले जात असताना त्यांची उत्तरे देण्याचे काम या माणसाच्या वाट्याला आले, आणि ते त्यांनी निमूटपणे केले. बेचाळीसला भूमिगत राहिलेल्याने पंचाहत्तरला गप्प राहावे, हे मला आवडत नाही. जयंतीच्या व्यासपीठावर मी तेही बोलतो, आणि एका संस्थेने त्यानंतर मला परत बोलावलेले नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ज्या वर्षांत हात मोकळे होते त्या वर्षांत ते तीनही राजधान्यांत गेले आणि प्रत्येकीकडून जे मिळण्यासारखे होते ते घेऊन आले. ज्या वर्षांत हात बांधलेले होते त्या वर्षांत बंद पडलेली खाती पुन्हा उघडण्याच्या कागदांवर त्यांची सही आहे. रशियाचे विमान त्यांनी आणले ते अमेरिकेने नाही म्हटल्यावर. अमेरिकेने हो म्हटले असते तर ओझरच्या एस. टी.वर आज कोणती पाटी असती, हे मला सांगता येणार नाही.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरला जोडलेले पहिले तेजस त्याच धावपट्टीवरून उडाले. विमान आपण आखलेले, इंजिन अमेरिकेचे. शेजारच्या जोशीकाकूंचा नातू तिथे कामाला लागला आहे. त्याला मी वडिलांची ती शंभर पानी वही दाखवली, तेव्हा त्याने दोन-चार पाने उलटली, रशियन अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "आजोबांना हे सगळं समजायचं?" मी म्हटले, वाचता यायचे.