पाच मिनिटे बसण्यासाठी एक खुर्ची

माझ्या केसपेपरवर ‘उच्च रक्तदाब’ हे दोन शब्द लिहिले जाण्यासाठी चार महिने लागले. माझ्या यजमानांना 43व्या वर्षी हेच निदान आठवडाभरात मिळाले आणि गोळीही लगेच सुरू झाली, म्हणून स्वतःच्या वेळची ही दिरंगाई मला आजही खुपते. मी 54 वर्षांची आहे.

घोडे अडले ते ओपीडीच्या दाराशी मांडलेल्या बीपीच्या टेबलापाशी. दोन जिने चढून, रांगेत पाऊण तास उभे राहून आपला क्रमांक आला की स्टुलावर टेकायचे; पाठीला आधार नाही, हात खाली लोंबतो आहे, आणि सिस्टर बाहीवरूनच पट्टा गुंडाळता गुंडाळता नाव, वय, साखर आहे का, हे विचारत आहेत. बोलताना रक्तदाब चढतो, हात हृदयाच्या पातळीखाली असला तरी चढतो, हे मला नंतर कळले. माझ्या दंडाला तो पट्टा पुरतच नव्हता. हवा भरू लागली की चिकटपट्टी चरचर उसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. पहिल्या खेपेस 158/80, दुसऱ्या खेपेस 146/76, तिसऱ्या खेपेस 162/82 असे आकडे आले. पहिल्या दोन्ही खेपांना डॉक्टर म्हणाले, “काकू, खालचा नॉर्मल आहे. पाळी जाताना असं होतंच, टेन्शन घेऊ नका.” तिसऱ्या खेपेस मी सिस्टरना विनवले, “पाच मिनिटं बसू द्या, मग मोजा.” त्यांनी माझ्यामागच्या रांगेकडे बोट दाखवले. त्या एकट्या होत्या, माझा राग त्यांच्यावर नाही. परंतु जिथे दिवसभर रक्तदाब मोजला जातो, तिथे टेकून बसण्यासाठी एक खुर्ची असू नये, याचा संताप मला अजून येतो. आकडे असे हेलकावत राहिले की खरा वाढलेला रक्तदाबही ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिला जातो.

पाळीचा संबंध आहे, हे डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते. मात्र तेच तर नीट तपासण्याचे कारण होते. तरुणपणी पुरुषांचा रक्तदाब स्त्रियांपेक्षा सरासरीने जास्त असतो. रजोनिवृत्तीनंतर, रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास मदत करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि स्त्रियांचा रक्तदाब झपाट्याने वाढू लागतो. साठीनंतर त्या पुरुषांची बरोबरी करतात, पुष्कळदा पुढेही जातात. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. म्हणजे केवळ खालच्या आकड्यावर निश्चिंत होणे माझ्या वयाच्या बाईला परवडणारे नाही. 1998 साली दुसऱ्या बाळंतपणात माझा रक्तदाब वाढला होता. अशा स्त्रियांना पुढे हा विकार होण्याचा धोका अधिक असतो, पण तीन खेपांत ते कोणीही विचारले नाही. आपणहून सांगावे.

शेवटी मी शिंप्याच्या टेपने दंड मोजला. तो 34 सेंटिमीटर भरला. नेहमीचा पट्टा साधारण 32पर्यंतच पुरतो, आणि तोकड्या पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो. मोठ्या पट्ट्याचे, दंडावर लावायचे यंत्र घेतले आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहिले. पहिला दिवस सोडून सरासरी 148/78 आली. घरी मोजताना 135/85 ही मर्यादा धरतात. डॉक्टरांनी वहीची पाने उलटली, एकही प्रश्न न विचारता निदान लिहिले आणि गोळी दिली. त्या क्षणी मला भीतीऐवजी हायसे वाटले, आणि वहीचा अभिमानही.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात घोटे सुजले. अम्लोडिपिन या माझ्या गोळीतल्या औषधाने अशी सूज स्त्रियांना जास्त येते. मी गोळी परस्पर बंद न करता दाखवायला गेले आणि ती बदलून मिळाली.

एक सांगायचे राहिले: मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये आणि लघवीला जाऊन यावे. त्या रांगेत उभे असताना, नंबर जाईल म्हणून मी तिन्ही वेळा तशीच थांबले होते.