गिझर न्हाणीबाहेर

शनिवार, रात्री

गिझर अखेर न्हाणीतून बाहेर गेला. मिस्त्री सकाळी आले ते दिवेलागणीलाच उठले. घरभर सिमेंटची धूळ आहे, ती उद्या बघू. आजचं आजच लिहून ठेवते.

विषय निघाला तो आईंच्या डोकेदुखीवरून. थंडी पडल्यापासून अंघोळ करून आल्या की त्या कपाळ दाबत बसायच्या. 'पित्त झालंय गं,' म्हणायच्या आणि आमसुलाचं पाणी घ्यायच्या. रक्तदाब दाखवायला नेलं तेव्हा त्यांनीच डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. आधी विचारलं, "आजी, अंघोळीचं पाणी कशावर तापवता? आणि ते यंत्र आहे कुठं?"

गॅसवर, आणि न्हाणीतच, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. छोट्या बंद खोलीत गॅस जळत राहिला की तिथला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. दार उघडावं हे कळत असतं, पण उठवत नाही.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वासाने. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण कंपनी गॅसमध्ये मुद्दाम तो उग्र वास मिसळते. आपलं नाक त्याच वासाची वाट बघत बसतं. वास नाही म्हणजे धोका नाही, असं घरातली सगळी माणसं धरून चालतात. जळून तयार होणाऱ्या या वायूला मात्र ना वास, ना रंग. दर हिवाळ्यात पेपरात कुठली ना कुठली बातमी येतेच, न्हाणीचं दार फोडून बाहेर काढल्याची. बहुतेक वेळा माणूस तरुण, धडधाकट.

त्या बातमीखाली ठरलेली सूचना असते: खिडकी उघडी ठेवा. ती वाचून मला आता राग येतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून बघा. किल्ला आमच्या दक्षिणेला, त्यामुळे पौषात ऊन गल्लीत उतरायला बराच वेळ लागतो. सत्तरी ओलांडलेली बाई पहाटे अंगावर पाणी घेणार आणि झरोका उघडा ठेवणार? ती फटीत फडकं कोंबणार, दाराखाली पोतं सारणार. यात तिचं काही चुकत नाही, थंडीत शहाणं माणूस असंच करतं. म्हणून दार लावायचं की नाही हा प्रश्नच राहू नये. आग त्या खोलीत नसावी, एवढंच.

आईंच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे. मधून जाळाची नळी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. त्यात करवंट्या, शेणी, मक्याची बुरकुंडं, हाताला येईल ते घालायचे. बंब मागच्या अंगणात पेटायचा आणि घंगाळं भरभरून पाणी आत यायचं. आई सांगत होत्या, पावसाळ्यात तो पडवीत घेतला तरी धुराने डोळे चुरचुरले की कोणी ना कोणी दार उघडायचंच. लाकडाच्या जाळातही तोच विषारी वायू असतो, पण तो धुराबरोबर येतो, आणि धूर माणसाला बसू देत नाही. गॅसची निळी ज्योत दिसायला स्वच्छ, म्हणून तिला आपण घरात घेतलं.

विजेचा गिझर घ्यावा का, यावर दोन रात्री बोलणं झालं. घराचं वायरिंग जुनं, अर्थिंगचा भरवसा नाही, आणि ओल्या भिंतीत तो लोड टाकायला वायरमननेच नको म्हटलं. सोलरला कौलांवर जागा नाही. म्हणून पुन्हा गॅसच, पण नवा, आयएसआय मार्कचा, आणि मागच्या पडवीत.

जागा ठरवायलाच तासभर गेला. मिस्त्री आधी न्हाणीच्या झरोक्याखाली खूण करायला लागले, कारण तिथून नळी सगळ्यात कमी लागते. मी म्हटलं, "गरम धूर वरच चढणार, आणि वर झरोका आहे. मग बाहेर काढून काय उपयोग?" ते क्षणभर झरोक्याकडे बघत राहिले. "ते बरोबर हाय ताई. मग ह्या टोकाला घिऊ, नळी वाढंल पर काम पक्कं हुईल." नळी वाढली म्हणजे गरम पाणी यायला वेळ, ही आईंची काळजी. अर्ध्या इंची नळीत मीटरला पाव लिटरही पाणी मावत नाही. सहा मीटर म्हणजे फार तर लिटर-सव्वा लिटर गार पाणी आधी येणार. ते बादलीत धरायचं, विसणाला होतं. नळी सीपीव्हीसीचीच घातली, साधी पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकते. वरून फोमचं वेष्टण गुंडाळलं.

सिलिंडर कुठे ठेवायचा हे मात्र मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं. मोरीचं गटार जिथे उघडं आहे तिथून तो लांब सरकवला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो आणि गटारात उतरून साठतो. रबरी नळी नवी, सुरक्षा नळी, ती पाच वर्षांनी बदलायची, हे मी इथेच टिपून ठेवते.

दुपारी चहा झाल्यावर त्यांनी जुना गिझर पडवीत उघडला. आई पाट घेऊन शेजारी बसल्या. आत तांब्याच्या पातळ पापुद्र्यांची जुडी असते, खालून आच आणि नळीतून पाणी. त्या पापुद्र्यांमधल्या फटी काजळीने पार बुजल्या होत्या. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवलं, तर काळी पूड सांडून फरशीवर ढीग झाला. "धूर वर जायला वाटच न्हाई," ते म्हणाले. वाट नाही म्हणून हवा खेचली जात नाही, ज्योत पिवळी होते आणि पिवळी ज्योत पुन्हा काजळी धरते. पाण्याच्या दाबाने गॅस उघडणारा रबरी पडदाही कडक झाला होता. आई बराच वेळ त्या काळ्या पुडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यावर जळत होतं होय?"

जुना गिझर कुणाला देऊ नका, भंगारात घाला आणि घालायच्या आधी नळी कापून टाका, असं मी मिस्त्रींना बजावलं. शंभर-दोनशे रुपयांसाठी तो दुसऱ्याच्या न्हाणीत लागायला नको.

रविवार

सकाळी आईंनी दार घट्ट लावून, झरोक्यात फडकं कोंबून, मनसोक्त अंघोळ केली. पाणी कढत आलं. डोकं दुखलं नाही. एका दिवसावरून निष्कर्ष काढत नाही, डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

ज्योत वाऱ्याने दोनदा विझली. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो तेव्हा हे वाढणार, म्हणून वेल्डिंगवाल्याला पत्र्याची छपरी सांगितली आहे. तीन बाजूंनी आडोसा, खालून-वरून मोकळी. चहूबाजूंनी बंद पेटी करायची नाही, हे त्याला कागदावर काढून दिलं.

माडीवरच्या बिऱ्हाडात कॉलेजची दोन मुलं राहतात. त्यांच्या न्हाणीतही तसाच गिझर आहे, आणि झरोका आमच्यापेक्षा लहान. "काकू, आम्ही पाच मिनिटांत उरकतो," म्हणाली. मी गॅसचा कॉक बंद करून आले. मंगळवारी मिस्त्री त्यांचाही गॅलरीत लावणार आहेत, खर्च घरमालक म्हणून आमचा. तोवर दोघांनी खालीच अंघोळीला यायचं, सातनंतर, आईंची झाल्यावर.