हर्शीचा जुना बाजार आणि हॉर्नची पाठ

न्यू जर्सीतल्या एडिसनहून अठ्ठ्याहत्तर नंबरचा हायवे धरला की पुढे पेनसिल्व्हेनियात नुसती शेतं आणि गोदामं. हर्शी हे चॉकलेटचं गाव, इथल्या चॉकलेट अव्हेन्यूवरचे दिवेसुद्धा 'किसेस' चॉकलेटांच्या आकाराचे. पण ऑक्टोबरात इथे अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेचा मेळा भरतो, आणि त्या दिवसांत चॉकलेटला कोण विचारतो? मैदानभर सुट्या भागांचे हजारो गाळे. जन्मभर साताऱ्यात गाड्यांचं वायरिंग केलेले माझे बाबा सध्या आमच्याकडे आलेत. त्यांना दुसरीकडे कुठे नेणार!

आम्ही हॉर्नच बघायचे ठरवलं होतं. सगळ्यात आधी दिसले ते रबरी फुग्याचे पितळी भोंगे, ढीगच्या ढीग. असे नवे भोंगे आपल्या मुरादाबादेत घडतात आणि जगभर 'अँटिक' म्हणून मिरवतात. ते सोडून विजेच्या हॉर्नकडे वळलो.

"बाबा, हा बघा, केवढा चकाकतोय!"

"पॉलिश मारल्यावर चकाकणारच. उलटा कर."

खिशातून त्यांनी लोहचुंबक काढलं. कर्ण्याला चिकटलं, म्हणजे पत्र्यावर मुलामा. न चिकटलं तर पितळ असू शकतं. पण कर्णा कुठलाही कुठेही बसवता येतो, असं त्यांचं म्हणणं. खरी ओळख मागच्या डबीत.

तिथे एका गाळ्यावर क्लॅक्सन नावाचा विजेचा हॉर्न मिळाला, झाकण काढलेला. आत छोटी मोटर, तिच्या दांड्यावर दातेरी चाक, समोर पोलादी पडदा आणि पडद्याच्या मधोमध एक टणक गुंडी. चाकाचे दाते गुंडीला ढकलत जातात आणि पडदा थरथरतो. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, बटण सोडलं की उतरतो. जुन्या सिनेमांतला 'आऽऽऊगा' तो हाच. बाबांनी नखाने आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, फिरवून पाहिलं, कार्बन किती झिजलेत ते पाहिलं आणि मान डोलावली.

हे यंत्र मिलर रीझ हचिसन या संशोधकाचं. श्रवणयंत्रही त्यानेच काढलं होतं, म्हणून 'आधी लोकांना बहिरं करतो, मग यंत्र विकतो' असा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगितला जातो. १९०८पासून न्यूअर्कच्या लव्हेल-मॅकॉनेल कंपनीने ते हॉर्न विकले. हॉर्नवरच्या नावाच्या पट्टीवर हे नाव असेल तर माल सुरुवातीच्या काळातला. १९१६च्या सुमारास धंदा युनायटेड मोटर्सकडे गेला, तिथून जनरल मोटर्सकडे. मग पट्टीवर नुसती 'क्लॅक्सन कंपनी' आणि आणखी पुढे रेमी या कंपनीचं नाव येतं. पट्टीवरच्या पेटंटच्या तारखांवर मात्र फार विसंबू नये. हॉर्न त्या तारखेआधीचा नाही, एवढंच त्या सांगतात.

बाकी स्पार्टन छापाचे हॉर्न, मिशिगनमधल्या जॅक्सन गावचे, भरपूर. ब्रुकलिनच्या ई.ए. लॅबोरेटरीजचेही. १९२८ ते १९३१च्या फोर्ड मॉडेल ए गाड्यांना या दोघांचेही हॉर्न लागत, त्यामुळे 'फोर्डचा हॉर्न' म्हणून विचारलंत तर चार प्रकारचे पुढे येतात.

परतायच्या वाटेवर, घरगुती अडगळ विकायला आलेल्या एका आजोबांच्या खोक्यात काळा, बसका हॉर्न होता. चिठ्ठी: 'बंद, दहा डॉलर'. त्यांनी बॅटरी लावून दाखवली. नुसतं 'टक्'. बाबांनी डबी उघडली. मोटर नाही, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंटही नाहीत. फक्त कॉइल आणि पडदा.

"अरे, बंद कुठला! हा मॅग्नेटोवरचा, इंजिनातल्या चुंबकी जनित्रावरचा. याला एसी करंट लागतो. बॅटरीवर पडदा एकदा ओढला जातो आणि तसाच राहतो."

मॉडेल टी! १९१५मध्ये फोर्डने फुग्याचा भोंगा काढून हाच प्रकार बसवला. इंजिनाच्या फ्लायव्हीलमधल्या, म्हणजे जड चाकातल्या, मॅग्नेटोची वीज उलटसुलट वाहते, त्या तालावर पडदा हलतो. इंजिनाचा वेग बदलला की आवाजही बदलतो.

मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण बाबांनी हे सगळं हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत आजोबांना साग्रसंगीत समजावलं. आजोबा खूश झाले. चिठ्ठी उचलून त्यांनी दहाचे चाळीस केले.

"आधी घ्यायचा, मग सांगायचं ना, बाबा!"

"त्याचा माल, त्याला नको कळायला?" असं म्हणत त्यांनी चाळीसला हॉर्न घेतला. पैसे अर्थात माझे.